पेपर झाल्यावर सांगू

मार्च लागला की आमच्या जालन्यात घराघरातले आवाज कमी होतात. टीव्हीवर टॉवेल पडतो. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा पोरं क्लासला गेल्यावर काढायच्या. माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, जुना वाळा उपसून नवा भरला जातो, आणि पहिल्यांदा पाणी सोडलं की तो ओला, मातकट, गोडसर वास घरभर फिरतो. कडुनिंबाची पिवळी पानं अंगणात पडत राहतात. झाडून मागे वळावं तर पुन्हा तेवढीच. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, पण बारावीचा पेपर ठरल्या वेळेला सुरू होणार याचा असतो. या दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाला "कसं काय" विचारत नाही. "कितवा पेपर?" असं विचारतात.

काल शाळेतून परतताना मी परीक्षा केंद्रासमोरून स्कूटी काढली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मार्चमध्ये शाळा सकाळची होते, म्हणून भर उन्हात घरी यायचं. कडुनिंबाच्या सावलीत आया बसल्या होत्या, मांडीवर पाण्याच्या बाटल्या. बाप लोक मोटरसायकलींना टेकून मोबाईल बघत होते. माझी लेक प्रज्ञा गेल्या वर्षीच यातून सुटली, तरी स्कूटी आपोआप हळू झाली. गेल्या वर्षी मी याच झाडाखाली बसले होते, आणि माझ्या पोटात जी गोष्ट होती तीच माझ्या शेजारच्या बाईच्या पोटात होती, तिच्या शेजारणीच्याही. आमचे गिटारवाले भैया वारले होते. आत पेपर लिहिणाऱ्या पोरांना त्याचा पत्ता नव्हता, कारण आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, पेपर झाल्यावर सांगू.

हे लिहायला बसले ती भैयांची आठवण म्हणून. पण खोटं कशाला बोला, आधीच पुष्कळ बोलून झालंय. अर्धं मी माझ्यासाठीच लिहितेय. त्या ठरवण्यात माझ्या पोरीचा माझ्या शब्दावरचा भरवसा मी पणाला लावला होता, आणि तो गेला की राहिला हे मला वर्षभर कळत नव्हतं.

भैयांचं दुकान नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर. एका बाजूला बियाण्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला पंप-मोटारींचं, आणि मध्ये हे बोळासारखं अरुंद. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पाठ भिंतीला लावावी लागायची. वर छतापर्यंत गिटारी टांगलेल्या. लाकूड, फेविकॉल, तारांचं तेल आणि कोपऱ्यातल्या माठाची ओल, असा सगळा मिळून एक वास. माठ गिऱ्हाइकांसाठी नव्हता. आमच्याकडची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी होते की गिटारीच्या पोटाला तडा जातो, म्हणून दुकानात ओल राहावी यासाठी तो ठेवलेला. पाणी मागितलं की भैया म्हणायचे, "ते त्यांचं हाय. तुला चहा सांगतो."

घराणं राजस्थानातलं, पण इथं येऊन इतक्या पिढ्या झाल्या की रागावले तर मराठीत आणि हिशोब मारवाडीत. घरचा धंदा सरकी-ढेपीचा. थोरले भाऊ गादीवर बसले आणि हे गिटारी घेऊन बसले. त्यांचे वडील म्हणे शेवटपर्यंत लोकांना सांगायचे, धाकट्याचं लाकडाचं काम आहे. ठेंगणे, गोरे, शर्टाच्या खिशात कायम पक्कड, त्यामुळे सगळे शर्ट डावीकडे ओघळलेले. साठी ओलांडली तरी सगळ्यांचे भैयाच. नववीतलं पोरगं भैया म्हणायचं आणि त्याचा बापही. कुणी चुकून काका म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायचे. "काका झालो की म्हातारा झालो," म्हणायचे, "अन् म्हाताऱ्याच्या दुकानात पोरं कशाला येतील?"

गंमत म्हणजे भैयांना एकही गाणं पूर्ण वाजवता यायचं नाही. मुखडा झाला की थांबायचे आणि गिटार समोरच्याच्या हातात द्यायचे. "पुढचं तू वाजव उस्ताद. सगळं मीच वाजवलं तर तू काय करशील?" आम्हाला लहानपणी वाटायचं, काय हा मोठेपणा. पुढं कधीतरी मी सरळ विचारलं, भैया, तुम्हाला अंतरा येतो का हो? ते जराही ओशाळले नाहीत. "बिलकुल येत न्हाई. बोटं आखूड हायत माझी. पण कुणाला सांगू नको, धंदा बसंल." मी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्या गावाला माहीत होतं.

मी पहिल्यांदा त्या दुकानात गेले ती वडिलांच्या सायकलवर बसून. नववीत होते. आमच्या वस्तीत जयंतीच्या आधी महिनाभर गायन पार्टीची तालीम चालायची, आणि त्या वर्षी पार्टीला गिटार हवी होती. मुलींनी मागे बसून कोरस म्हणायचा, ही पद्धत. माझ्या वडिलांनी, ते शिक्षक होते, एक दिवस जाहीर करून टाकलं की गिटार आमची पोरगी वाजवणार. मला तोवर गिटारीला किती तारा असतात हेही माहीत नव्हतं. त्या काळी बाजारात वस्तीचं नाव सांगितलं की काही दुकानदारांचा चेहरा जरासा आवळायचा. वडील ते ओळखून असायचे, आधीच ताठ उभे राहायचे. भैयांनी माझा हात पालथा-उलथा करून बघितला. "हात छोटा हाय. चालंल, माझा पण छोटाच हाय." मग वडिलांना विचारलं, "गुरुजी, घरावर पत्रे हायत का स्लॅब?"

वडिलांना ते लागलं. ते म्हणाले, "पत्रे आहेत. का?"

"मंग ऐन उन्हाळ्यात गिटार घरी ठेवू नका. पत्र्याखाली वाकून जाईल. जयंती झाली की इथं आणून टांगायची, पावसाळ्यात घेऊन जायची. जागा लई हाय माझ्याकडं." जागा कुठं होती, तुम्हाला सांगितलंच. पण वडिलांचे खांदे खाली आले, आणि येताना सायकलवर ते काहीतरी गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ती खुंटीची पद्धत तिथून सुरू झाली की आधीपासून होती, मला नक्की सांगता येणार नाही. पण पत्र्याच्या घरातल्या गिटारी उन्हाळाभर भैयांकडे राहायच्या. मग कुण्या हुशार आईच्या लक्षात आलं की परीक्षेच्या आधीच नेऊन टांगली तर पोराचं अभ्यासात लक्ष राहील. एकीचं बघून दुसरी, आणि मग स्लॅबवालेही रांगेत आले. फेब्रुवारी संपत आला की दहावी-बारावीच्या पोरांच्या आया गिटार काखेत मारून भैयांकडे. पोरगं मागून तोंड पाडून. भैया एकेक तार ढिली करायचे, बायकोच्या, म्हणजे आमच्या भाभींच्या, जुन्या साडीची चिंधी गळ्याला बांधायचे, तिच्यावर पोराचं नाव घालायचे आणि मागच्या भिंतीवर टांगायचे. परीक्षेची खुंटी म्हणायचे त्या भिंतीला. पोरं क्लासला जाता-जाता दुकानात डोकावायची. हात लावायला सक्त मनाई. "बघ, हाय जागेवर. आता पळ." तेवढ्यानं पोरं खरंच शांत व्हायची. माझी प्रज्ञा रोज जायची.

आणि शेवटच्या पेपरचा दिवस म्हणजे तर जत्रा. केंद्रातून पोरं घरी जायचीच नाहीत, तशीच युनिफॉर्मवर दुकानात. भैया सकाळपासून एकेकीच्या तारा चढवून बसलेले. दुपारी सगळी पोरं फुटपाथवर, पायरीवर, मोटरसायकलींवर बसून एकदम वाजवायची, प्रत्येकाचं गाणं वेगळं. शेजारचा बियाणेवाला शटर अर्धं ओढून घ्यायचा आणि आतून ओरडायचा, "भैया, बस करा राव, गिऱ्हाइकाचा फोन ऐकू येत न्हाई." भैया त्यालाही एक गिटार पाठवायचे. मी बारावी झाले त्या वर्षी मीही होते त्या गोंधळात, दोन वेण्या घालून. त्यानंतर कॉलेज, डी.एड., नोकरी, लग्न, गिटार भावाकडे गेली, पण शेवटच्या पेपरच्या दुपारी तिथून जाताना मी दरवर्षी थांबायचे.

गेल्या वर्षी केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी भैया अंघोळ करून बाहेर आले आणि दारातच बसले ते उठले नाहीत. माझ्या मिस्टरांना बँकेत कळलं. त्यांनी मला फोन करून आधी विचारलं, "प्रज्ञा जवळ हाय का?" तिच्या पेपरांसाठी मी रजा काढून घरीच होते. मी म्हटलं, आत वाचतेय. तेव्हा सांगितलं. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. रडू येत होतं आणि नळ सोडायची सोय नव्हती, नळाला पाणीच नव्हतं. मग मिक्सर लावला. रिकामा मिक्सर मी बराच वेळ फिरवला, आणि आतून पोरगी ओरडली, "आई, अभ्यास करून राह्यले ना मी."

दुपारपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली, आणि तिच्याखालीच विनंती: मुलांना सध्या कळू देऊ नये, पेपर होईपर्यंत. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या रांगेत माझेही हात आहेत. पोरांचे मोबाईल तसेही काढून घेतलेले होते. दुसऱ्या दिवशी पेपरातलं स्थानिक बातम्यांचं पान घरोघर गायब झालं. दुकानाकडून जाणारा रस्ता सोडून आम्ही पोरांना लांबून, कुंडलिकेच्या पुलाकडून वळसा घालून केंद्रावर नेऊ लागलो. माझे मिस्टर म्हणाले, "एक पेपर बिघडला तर पोरीचं वर्ष जातं. भैया काय, आता कुठं जाणार हायत?" ते काळजीपोटीच बोलले. आमच्या घरात बारावी ही नुसती बारावी नसते. माझी आजी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची, आणि तिथून इथपर्यंत आम्ही एकेक परीक्षा धरूनच आलोय. ते सगळं माझ्याही डोक्यात होतं. म्हणून मीही गप्प बसले. ते चूक होतं का? एखाद्या दिवशी अगदी चूक वाटतं, आणि एखाद्या दिवशी तिचे केमिस्ट्रीचे मार्क आठवतात.

लांबचे नातेवाईक पोचायचे होते म्हणून भैयांना दुसऱ्या दिवशी, केमिस्ट्रीच्या पेपरच्या दिवशी नेलं. मिस्टर अंत्ययात्रेला गेले. मी केंद्राबाहेर. तिसऱ्या दिवशी उठावण्याला, त्यांच्यातल्या शोकाच्या बैठकीला, मी आणि आणखी दोघी भाभींना भेटायला गेलो. भेटायला गेलो, हे निम्मंच खरं. भैयांचे बाजारातले दोस्त श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स चौकात लावणार होते, तो पेपर झाल्यावर लावा, हे सांगायला गेलो होतो. भाभी सतरंजीवर भिंतीला टेकून बसलेल्या. आमच्यातल्या एकीनं घसा खाकरून विषय काढला. भाभींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पोरांचं नुकसान नको व्हायला."

आम्ही सुटलो. उठताना त्यांनी माझं मनगट धरलं. मी त्यांच्या डोळ्यासमोर वाढलेली, म्हणून मलाच धरलं असेल. हळू आवाजात म्हणाल्या, "पण पोरांशिवायच गेले गं ते. चार भाऊबंद अन् बाजारातले लोक, बस. एक पण पोरगं न्हाई. चोरून नेल्यावानी वाटलं मला."

मी त्यांचा हात दोन्ही हातांनी दाबला आणि बाहेर येऊन चपला शोधत बसले. समोरच होत्या त्या.

खोटं बोलायची एक अडचण असते, ते सगळ्यांना एकसारखं बोलता येत नाही. प्रज्ञानं विचारलं, भैयांचं शटर बंद दिसतंय म्हणे? मी म्हटलं, राजस्थानला गेलेत, पुतण्याचं लग्न आहे. दुसऱ्या एका घरी सांगितलं होतं डोळ्याचं ऑपरेशन. तिसऱ्या घरी तीर्थयात्रा. पोरं केंद्राच्या आवारात भेटली आणि गोंधळात पडली. संध्याकाळी ग्रुपवर ठराव झाल्यासारखा मेसेज आला, सगळ्यांनी लग्नच सांगावे. वाचून मला हसू आलं, देवाशपथ सांगते, आणि हसताना स्वतःची इतकी शिसारी आली की मोबाईल पालथा घातला. प्रज्ञाला लग्न एकदम पटलं. "मग भाभींना फोन करून सांग ना," ती म्हणाली, "येताना मला मोजडी आणा म्हणावं. लाल." मी बरं म्हटलं. साईज विचारून घेतली, कारण न विचारणं संशयाचं दिसलं असतं.

तिचा शेवटचा पेपर बायोलॉजीचा. आमचं ठरलं होतं, आधी घरी न्यायचं, जेवू घालायचं, मग शांतपणे सांगायचं. ग्रुपवर दोघातिघांनी नीटची परीक्षा होईपर्यंत थांबू, असंही काढलं होतं, तेव्हा मात्र मी लिहिलं की आता बास. माझं तेवढं एक वाक्य चांगलं गेलं त्या महिन्यात.

ती केंद्रातून पळतच बाहेर आली. हेल्मेट डोक्यावर कोंबलं आणि मागे बसली. "चल, दुकान."

"आधी घरी जाऊ. भूक लागली असेल."

"आई, काय करून राह्यली तू? आज शेवटचा पेपर हाय. सगळे तिकडंच चाललेत." खरंच सगळे तिकडंच चालले होते. पुढं मोटरसायकलींवर, ऑटोतून, चालत, पोरंच पोरं. माझ्यासारखेच बाकीचे आईबाप मागून, हॉर्न वाजवत, अडवू की नको करत. मी वळणापर्यंत तोंड उघडायची तयारी करत होते. वळणावर फ्लेक्स दिसला.

भैयांच्या दोस्तांनी शब्द पाळला होता. पेपर झाल्यावर लावा म्हटलं होतं. त्यांनी पेपर किती वाजता सुटतो ते विचारून घेतलं आणि बरोबर त्या वेळेला फ्लेक्स बांधला. एक माणूस शिडीवरून उतरतच होता. भैयांचा हसरा फोटो, कॉम्प्युटरवर चढवलेला हार, भावपूर्ण श्रद्धांजली, शोकाकुलांची नावं. आणि गेल्याची तारीख.

फ्लेक्ससमोर युनिफॉर्ममधली पोरं गोळा झाली होती. प्रज्ञा स्कूटीवरून उतरली. हेल्मेट न काढता वर बघत राहिली. मग काच वर केली.

"केमिस्ट्रीच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली.

"हो."

"केमिस्ट्री झाल्यावर आपण रसवंतीवर गेल्तो. तू दोन ग्लास घेतलेस."

मी दोन ग्लास घेतले होते. तिच्या पेपर छान गेल्याच्या गप्पा ऐकताना तोंड कशात तरी गुंतलेलं असावं म्हणून घेतले होते. त्याच वेळी तिकडे भैयांना नेत होते. हे तिला कसं सांगायचं? मी म्हटलं, "बेटा, तुझ्या भल्यासाठी..."

"मी मोजडी आणायला सांग म्हणाले तुला," ती म्हणाली. "तू साईज विचारलीस."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पोरांमध्ये जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं भाभी आल्या, दिरानं शटर वर केलं. भाभींनी मागच्या भिंतीवरून एकेक गिटार काढली, चिंधीवरचं नाव वाचलं आणि ज्याच्या त्याच्या हातात दिली. "तुमची परीक्षा होती ना बेटा," असं प्रत्येकाला म्हणत होत्या, जणू माफी त्यांनीच मागायची होती. तारा ढिल्याच होत्या. एका पोराच्या हाताचा धक्का लागून एक तार वाजली, भसाडी, आणि त्यानं पटकन तळवा ठेवून ती बंद केली. शेजारचा बियाणेवाला आपल्या पायरीवर येऊन उभा होता. त्यानं शटर पूर्ण उघडं ठेवलं होतं. पोरं गिटारी घेऊन निघून गेली तरी तो उभाच होता.

त्या एप्रिलात जयंतीला आमच्या वस्तीतल्या पार्टीची गिटार सगळा वेळ बेसूर वाजली. दरवर्षी तालमीच्या आधी ती भैयांच्या हाताखालून जायची. ढोलकी जोरात होती, निळे झेंडे, लायटिंग, पोरं नाचत होती, बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नसेल. मी पुढच्या रांगेत बसले होते. प्रज्ञा शेजारी होती, तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा स्टेजकडे. तेवढंच. आता भैयांच्या दुकानात मोबाईलचं कव्हर मिळतं.

घरात ती नीट वागली. जेवली, भांडी लावली, निकाल चांगला आला तेव्हा माझ्या पाया पडली. पण पोरगी तपासायला लागली. पप्पा बँकेत पोचले, असं मी म्हटलं की ती त्यांना फोन करून बघायची. दूध नासलंय म्हटलं तरी पातेल्यावरचं झाकण काढून बघायची. मी म्हणायचे, अगं मी सांगितलं ना. ती म्हणायची, हो, ऐकलं. जूनमध्ये ती संभाजीनगरला कॉलेजच्या होस्टेलवर गेली. फोनवर मी "सगळे बरे आहेत" म्हटलं की पलीकडून, "दाखव." मी व्हिडिओ लावून सगळं घर फिरवायचे, पप्पा, कूलर, गॅसवरची भाजी. सुरुवातीला मला राग यायचा. एकदा चिडून म्हटलंही, आईवर विश्वास नाही का? ती म्हणाली, "हाय ना. तरी दाखव."

मग या महिन्यात असं झालं. माझे वडील, तेच सायकलवाले गुरुजी, रिटायर झाल्यावर पिंपळगाव रेणुकाईला राहतात. एका सकाळी ओसरीवर चक्कर येऊन पडले. गाडी करून त्यांना जालन्याला आणलं, ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येत नाही. प्रज्ञाचे सेमिस्टरचे पेपर चालू होते. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मिस्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "परवा पेपर हाय तिचा. झाल्यावर सांगू."

त्यांना स्वतःचे शब्द ऐकू आले की नाही, मला माहीत नाही. मी त्यांच्यापासून चार पावलं लांब जाऊन फोन लावला.

"प्रज्ञा, आजोबांना ॲडमिट केलंय. सकाळी चक्कर आली. अजून शुद्ध आहे, बोलतायत, पण डॉक्टर काही सांगत नाहीत. तुला लगेच सांगतेय." एका दमात बोलून टाकलं. मला वाटलं होतं, आता तरी तिला कळेल की मी खरं बोलतेय.

मग तिचा आवाज आला, अगदी हळू. "आई, गेलेत का ते?"

"नाही गं. ॲडमिट आहेत."

"भैयांच्या वेळेसारखं करू नको. मी पेपर देईन, सगळे देईन. पण गेले असले तर आताच सांग."

"प्रज्ञा, नाही. शपथ."

"दाखव."

मी धावत आत गेले. व्हिडिओ लावला आणि फोन वडिलांच्या तोंडासमोर धरला. नाकात नळी, हाताला सलाईन. त्यांनी डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "जेवलीस का गं?" ती हो म्हणाली. मग त्यांना थकवा आला, डोळे मिटले. छाती खालीवर होत होती. मी फोन माझ्याकडे वळवायला गेले, तिच्याशी बोलावं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगावं म्हणून.

"तू बोलू नको आई," ती म्हणाली. "त्यांच्यावरच राहू दे."

मी फोन पुन्हा वडिलांकडे केला. हात भरून आला, तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.